सालईटेकडीचा एकमेव प्रेक्षक

आपला टीव्ही कोणी बघत नाही, हे नीळकंठ पिंपळखुट्यांना गेली पाच-सहा वर्षं ठाऊक होतं. फक्त त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं आणि त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं.

झरी जामणी तालुक्यात सालईटेकडीवर सरकारी टीव्हीचा एक छोटा टॉवर होता. दोन खोल्या, एक जनरेटर, कुंपणाला लागून एक सीताफळाचं झाड आणि स्वतः नीळकंठ, एवढंच ते कार्यालय. पूर्वी चार माणसं असायची. एक निवृत्त झाला, एकाची बदली झाली आणि तिसरा कंटाळून आजारी पडला तो परत आलाच नाही. सकाळी सहाला ट्रान्समीटर सुरू करायचा, अकराला बंद करायचा, चारला पुन्हा सुरू करून दहाला झोपवायचा आणि लॉगबुकात 'प्रक्षेपण सुरळीत' असं लिहायचं, हे नीळकंठांचं काम. ते हे अगदी मिनिटाला मिनिट करत. महिन्याकाठी वणीहून बदली माणूस आला की चार दिवस दारव्ह्याला घरी जायचे. तिथे शीला, त्यांची बायको, जेवताना हमखास विचारायची की एवढं जंगलात बसून तुम्ही जे लावता ते बघतं तरी कोण. नीळकंठ वरण-भात कालवता कालवता म्हणायचे, "बघत असतील." निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तेवढं या दोन शब्दांवर निघून जाईल असा त्यांचा हिशेब होता.

कार्तिकात एका सकाळी टेकडीवर जीप आली आणि तीतून अनघा नावाची एक इंजिनिअर मुलगी उतरली. तिच्याजवळ एक पांढरी पेटी आणि दिल्लीहून आलेलं एक पत्र होतं. आजूबाजूच्या सहा गावांत मोबाईलची रेंज नव्हती, त्या गावांना ही पेटी इंटरनेट देणार होती, आणि तेही टीव्हीच्याच लहरींवरून. नीळकंठांच्या कपाळावर आठी आली. त्या लहरींचा परवाना टीव्हीचा आहे, तिथे दुसरं कोणी कसं बोलणार, असं त्यांनी विचारलं. अनघाने त्यांना शांतपणे समजावलं. एसटीत आमदारांसाठी राखीव सीट असते. आमदार काही रोज एसटीने येत नाहीत, म्हणून कोणीही बसतं. पण आमदार आले तर उठावं लागतं. तसंच हे. टीव्हीकडे परवाना आहे, म्हणून पहिला हक्क टीव्हीचा. तिच्या पेटीकडे परवाना नाही. पेटी आधी कान देऊन ऐकणार. हवेत टीव्ही असला तर गप्प बसणार, नसला तर बोलणार, आणि टीव्ही आला की त्याच क्षणी उठून उभी राहणार.

नीळकंठांना एकतीस वर्षांच्या नोकरीत कोणी आमदार म्हटलं नव्हतं. त्यांनी अनघाला चहा केला आणि झाडावरची दोन सीताफळं काढून दिली.

पेटी बोरझरीच्या शाळेच्या छपरावर बसली. ती उन्हावर चालायची, म्हणून रात्री बंदच असायची. सकाळी अकराला टीव्ही बंद झाला की सहा गावांत इंटरनेट उगवायचं आणि चारला मावळायचं. या पाच तासांत सहा गावांचा सगळा व्यवहार उरकू लागला. धावजीच्या रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन चालायचं, पीक पाहणीचे फोटो वर चढायचे, शिष्यवृत्तीचे अर्ज जायचे, सोयरिकीच्या मुलींचे फोटो यायचे. चारला पाच मिनिटं असताना नीळकंठ बटणापाशी उभे राहत. पूर्वीच्या एका साहेबाने मागे टाकलेली दुर्बीण कपाटात होती, तीतून ते शाळेसमोरची गर्दी बघत. बरोबर चारला बटण दाबलं की ती गर्दी मान खाली घालून पांगायची. कोणी त्यांच्या दिशेने हात हलवून काहीतरी बोलायचंही, पण एवढ्या लांबून शब्द ऐकू येत नसत. आपलं प्रक्षेपण इतक्या लोकांपर्यंत पोचतंय हे त्यांना पहिल्यांदाच डोळ्यांनी दिसत होतं.

महिन्याभरातच बोरझरीचा सरपंच हिरासिंग अर्ज घेऊन अनघाकडे गेला. अर्जावर सहाही गावांच्या सह्या होत्या. सगळ्यांच्या घरी डिश आहे, टॉवरचा टीव्ही एकही माणूस बघत नाही, तेव्हा तो बंद करून दिवसभर इंटरनेट द्यावं, असा मजकूर होता. अनघाने नियम काढून दाखवला. टॉवरच्या टापूत छपरावरच्या ॲन्टेनावर टीव्ही घेणारं एकही घर नसेल, तरच टॉवर बंद होईल आणि लहरी पेटीला मिळतील. मग ती स्वतःच घरोघर फिरली. आठ दिवस नीळकंठांना जेवण गेलं नाही. शीलाला फोन करावा म्हणून ते जीपने मुकुटबनपर्यंत गेले, रेंज आली, आणि फोन न करताच परत आले.

नवव्या दिवशी अनघा टेकडीवर आली आणि म्हणाली, "काका, एक आहे."

"एक काय?"

"प्रेक्षक. जमनीबाई आत्राम. बोरझरीच्या वरच्या कोलामांच्या वस्तीत, पोडावर राहतात. ॲन्टेना आहे, सेट चालू आहे, रोज लावतात. नियमाने त्या एकट्या असल्या तरी टॉवर बंद करता येत नाही."

दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद केल्याबरोबर नीळकंठांनी इस्त्रीचा सदरा घातला, पाव किलो पेढे घेतले आणि ते आपल्या प्रेक्षकाला भेटायला निघाले. वाटेत त्यांनी विचारायचे प्रश्न मनात जुळवले. चित्र स्वच्छ येतं का, बातम्या आवडतात की शेतीचा कार्यक्रम, सूचना काही आहेत का.

पोडाच्या टोकाला जमनीबाईचं कुडाचं घर होतं. साठीची, काटक, कपाळावर गोंदण असलेली बाई अंगणात तुरीच्या शेंगा निवडत बसली होती. छपरावर बांबूला बांधलेला ॲन्टेना पाहून नीळकंठांना भरून आलं. आत टीव्ही कुठे दिसेना. मग लक्षात आलं, टीव्ही मागच्या खिडकीत होता आणि त्याचं तोंड घराबाहेर होतं. खिडकीपलीकडे तिचं दीड एकराचं तुरीचं वावर होतं.

नीळकंठांनी पेढे पुढे केले, ओळख सांगितली आणि टीव्हीवर काय बघायला आवडतं ते विचारलं.

"मी कायले पाहू साहेब? मले कुठं वेळ हाये," जमनीबाई म्हणाली. "थे त्यायच्यासाठी लावून ठेवतो."

"कोणासाठी?"

तिने हनुवटीने वावराच्या कडेला दाखवलं. धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली पंधरा-वीस वानरं बसली होती आणि आणखी काही येत होती. घरात टीव्ही बंद होता, त्यामुळे त्यांना कसलीच घाई नव्हती. एक म्हातारं वानर शेंगा सोलून खात नीळकंठांकडे बघत होतं.

मग जमनीबाईने सगळं नीट सांगितलं. सकाळी रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, येतात, दुपारी वानरं, दिवस कलला की पुन्हा डुकरं. बुजगावणं करून पाहिलं, डबे वाजवून पाहिले, जावयाने एक भोंगा आणून दिला, त्यात कुत्र्याचं भुंकणं भरलेलं होतं. दोन दिवसांत सगळ्यांना त्याची ओळख पटली. टीव्ही सौरदिव्याच्या बॅटरीवर चालतो, म्हणून एकदा सहज खिडकीत ठेवला, तर जनावरं फिरकली नाहीत. गाणं लागलं की जवळ येतात, पण बातम्यांना घाबरतात. "बातम्यावाला मानूस रोज नवं काहीबाही सांगते," ती म्हणाली, "त्यायले अंदाजच येत नाई. पन तुमी अकराले बंद काहून करता? वांदराचा टाइमच थो असते."

नीळकंठ पेढ्याचं रिकामं झालेलं पुडकं हातात धरून परत निघाले. पहिला अर्धा रस्ता त्यांना फार वाईट वाटलं. नाल्यात उतरून चढल्यावर मात्र दुसरा विचार आला. एवढी वर्षं बातम्या लावल्या, त्या ऐकून कोणी जागचं हललं असं कधी कळलं नव्हतं. इथे कळपच्या कळप उठून पळत होते. टेकडीवर पोचेपर्यंत त्यांचा चेहरा बराच निवळला होता. अनघाला त्यांनी जे पाहिलं ते सगळं सांगितलं. तिने पाहणीचा फॉर्म उलटसुलट करून पाहिला. त्यात सेट चालू आहे का असा रकाना होता, त्याचं तोंड कुणीकडे आहे असा नव्हता.

हिरासिंगने हार मानली नाही. त्याने जमनीबाईला फुकट डिश बसवून दिली. फुकटच्या डिशवर बातम्या नव्हत्या, दिवसभर मालिकाच लागल्या आणि तिसऱ्या दिवशी रोही खिडकीखाली येऊन बसले, तेव्हा तिने डिश काढून परत पाठवली. मग त्याने तिला प्रेक्षकाचा हक्क सोडून द्यायची गळ घातली. तिची तशी हरकत नव्हती, वावराची दुसरी सोय झाली की बस. पण हक्क सोडायचा अर्ज ऑनलाइन होता आणि तो प्रेक्षकाच्या घरूनच, टीव्ही चालू असतानाच भरायचा होता, म्हणजे प्रेक्षकाने प्रक्षेपण मिळत असूनही राजीखुशीने सोडलं असं सिद्ध व्हावं. टीव्ही चालू असला की इंटरनेट नसायचं. अनघाने वरच्या कार्यालयाला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा उत्तर आलं की अर्ज ऑनलाइन भरावा.

शेवटी तोड जमनीबाईनेच काढली. ती म्हणाली, ती पेटी जर आधी ऐकते आणि मग बोलते, तर मीही तसंच करते. वावरात जनावर नसलं की मी ॲन्टेनाच्या बांबूला माझं पिवळं लुगडं बांधीन. साहेबांनी दुर्बिणीतून पाहावं आणि टीव्ही बंद करावा. जनावर आलं की लुगडं काढीन, साहेबांनी लावावा. ठरलेल्या वेळेची भानगडच नको. नीळकंठांनी एकतीस वर्षांत वेळ मोडली नव्हती. पण मागणी प्रेक्षकाची होती, आणि प्रेक्षकाची सोय पाहणं हे कामातच बसतं असं त्यांनी स्वतःला पटवलं. ते दिवसभर कुंपणाशी खुर्ची टाकून दुर्बीण घेऊन बसू लागले. लॉगबुकात मात्र 'प्रक्षेपण सुरळीत' हेच लिहीत राहिले.

लुगडं दिसलं की इंटरनेट येतं, हे सहा गावांना एका दिवसात कळलं. जनावर नसलं की लुगडं दिसतं, हे दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी जमनीबाईच्या वावराभोवती पहारा बसला. रेशनकार्डवाले पूर्वेला, पीक पाहणीवाले नाल्याच्या बाजूला, शाळेचे दोन गुरुजी मोहाखाली. ज्याचं काम मोठं, त्याने जास्त वेळ काठी घेऊन उभं राहायचं. तालुक्यात इतकी राखलेली तूर दुसरी नव्हती. लुगडं दिवसदिवसभर फडकत राहिलं, इंटरनेट धो-धो वाहिलं, आणि नीळकंठांचा टीव्ही दिवसातून जेमतेम तासभर चालू लागला. त्यांना थोडं रिकामं रिकामं वाटायचं. पण बाईची तूर वाचतेय हे दुर्बिणीतून दिसत होतं.

वानरांना मात्र खायला लागतंच. ती तिथून उठली आणि हिरासिंगच्या हरभऱ्यात शिरली. मग शेजारच्या गव्हात, मग पलीकडच्या तुरीत. हिरासिंगने एक रात्र विचार केला आणि सकाळी वणीला जाऊन कलीम मेकॅनिककडून एक ॲन्टेना आणि एक जुना टीव्ही उचलून आणला. कलीमच्या दुकानाच्या माळ्यावर पंधरा वर्षं असे ॲन्टेना धूळ खात पडले होते. महिना संपायच्या आत माळा रिकामा झाला. टापूत ॲन्टेनावर टीव्ही घेणारी अडतीस घरं झाली, अडतीस टीव्ही वावरांकडे तोंड करून बसले आणि नियमाने अडतीस जणांना पहिला हक्क मिळाला.

प्रत्येकाने आपापल्या बांबूला काही ना काही बांधलं. कोणाचा पंचा, कोणाची ओढणी, हिरासिंगचं भगवं उपरणं. नीळकंठांनी कागदावर नकाशा काढला आणि दुर्बिणीतून एकेक मोजू लागले. सगळ्या अडतीस काठ्यांवर कापड दिसलं तरच टीव्ही बंद करता येणार. सदतीसपर्यंत आकडा यायचा आणि कुठेतरी एखादं रोही निघायचं. इंटरनेट दिवसातून चार-सहा मिनिटं येऊन जाऊ लागलं.

तेवढ्यात वार्षिक पाहणीचे आकडे वर गेले. सालईटेकडीचे प्रेक्षक एका वर्षात अडतीसपट झाले होते. देशात सगळीकडे उतरती कळा असताना एका टॉवरने अशी उडी घ्यावी, हे वरच्या कार्यालयाला फार आवडलं. नीळकंठांना चौकटीतलं प्रशस्तिपत्र आलं, आणि सोबत हुकूम आला की इथून पुढे प्रक्षेपण पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत अखंड करावं. रात्रपाळीला वणीहून दुसरा माणूस येईल. खिळा ठोकून त्यांनी प्रशस्तिपत्र भिंतीवर लावलं आणि बटण दाबलं.

पांढरी पेटी त्या दिवसापासून मुकी झाली. ती दिवसभर ऐकायची आणि हवेत सतत टीव्ही असल्यामुळे सभ्यपणे गप्प बसायची. अनघाने तिच्यासाठी दुसऱ्या लहरी मागितल्या, त्यावर चौकशी सुरू आहे असं उत्तर आलं. धावजीच्या मशीनवर अंगठे उठेनात, तीन आठवडे रेशन अडलं. अडतीसही घरं आपला हक्क सोडायला तयार झाली, पण सोडायचा अर्ज ऑनलाइन होता. आणि जनावरांचं म्हणाल, तर सकाळ-संध्याकाळ-दुपार एकसारख्या बातम्या ऐकून त्यांची भीडच चेपली. हिरासिंगच्या टीव्हीसमोर वानरं ओळीने बसू लागली. एक तर पडद्याकडे पाठ करून बसायचं, ऊन लागावं म्हणून.

माघात एके दिवशी अकराच्या सुमारास जमनीबाई टेकडी चढून आली. टॉवर तिने जवळून पहिल्यांदाच पाहिला. हातात रेशनकार्ड होतं. नीळकंठांनी तिला खुर्ची दिली, ती पायरीवर बसली. तांदूळ संपून सहा दिवस झाले होते आणि वावरात पुन्हा डुकरं येत होती, असं तिने सांगितलं. सांगण्यात तक्रार नव्हती. नीळकंठांनी हुकुमाचा कागद आणून तिच्यासमोर वाचला. अखंड, हा शब्द दोनदा वाचला. आपल्या हातात काही नाही, असं ते म्हणाले.

जमनीबाईने टॉवरच्या टोकाकडे पाहिलं. "तुमचा हक्क तुमाले सोडता येत नाई," ती म्हणाली. "माहा मले सोडता येत नाई. मंग साहेब, हा हक्क हाये तरी कोनाचा?"

नीळकंठ आत गेले. ट्रान्समीटर गुरगुरत होता, काटे जागच्या जागी होते, भिंतीवर प्रशस्तिपत्र होतं. एकतीस वर्षांत त्यांनी बटण दाबलं ते घड्याळ सांगेल तेव्हा, नाहीतर लुगडं सांगेल तेव्हा. आता यातलं कोणीच काही सांगत नव्हतं. त्यांनी हात सदऱ्याला पुसले आणि बटण खाली ओढलं. खोली एकदम शांत झाली. लॉगबुक उघडून त्यांनी अकरा ते चार या रकान्यात 'प्रक्षेपण सुरळीत' असं सवयीने लिहिलं. मग 'प्रक्षेपण' खोडलं आणि फक्त 'सुरळीत' ठेवलं.

बाहेर येऊन ते म्हणाले, "चला बाई. तुम्ही धावजीकडे अंगठा देऊन या, तोवर मी वावर बघतो." टेबलावरचं वणीहून आलेलं मंगळवारचं वर्तमानपत्र त्यांनी काखेत मारलं. का मारलं ते त्यांनाही नीटसं ठाऊक नव्हतं.

बोरझरीच्या शाळेपाशी पोचेपर्यंत गर्दी जमली होती. इंटरनेट आल्याची बातमी तिथे कोणाला सांगावी लागली नाही. नीळकंठ वावरात गेले तेव्हा वानरं शेंगांवर बसलेली होती. त्यांनी हातवारे केले, काही झालं नाही. खडा मारला, तो फार अलीकडे पडला. मग ते मोहाखाली ताठ उभे राहिले, वर्तमानपत्र उघडलं आणि घसा साफ करून मोठ्याने वाचायला लागले. पहिलं पान संपेपर्यंत वानरं नुसती कान टवकारून होती. दुसऱ्या पानावर एका पुलाच्या कामाची निविदा सूचना होती. नीळकंठांनी अटी आणि शर्ती खड्या आवाजात, एकही न गाळता वाचल्या. सहाव्या अटीला म्हातारं वानर उठलं, आणि त्याच्यामागून सगळा कळप धुऱ्यावरून उड्या टाकत जंगलाकडे गेला.

दुपारी जमनीबाई डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन आली. वावर रिकामं होतं आणि साहेब अजून वाचत होते, घाम निथळत होता, आवाज बसत आला होता. तिने गाठोडं उतरवलं, तांब्याभर पाणी आणून दिलं आणि धुऱ्यावर पाय पसरून बसली.

"वांदरं गेले साहेब," ती म्हणाली. "आता थोडं सावकाश वाचा. थो पूल कुठं होऊन राह्यला म्हनता?"

नीळकंठ पाणी प्यायले, पान मागे उलटलं आणि निविदा पहिल्यापासून तिला समजावून सांगायला बसले. शाळेच्या बाजूने मशीनचे टिंग टिंग आवाज येत होते. चार वाजले, तेव्हा ते उठले आणि उद्या अकराला येतो असं सांगून टेकडीकडे चालू लागले.